शेडचा कागद बघायला खालापूरला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेडला लावलेलं ठिगळ. माघातली गोष्ट. छपराच्या कागदाला वीतभर फाटलं होतं. मी शिडीवर, ही खाली शिडी धरून. पट्टी चिकटवली तर म्हणाली, "अवो, वाकडी लागली."

म्हटलं, "मग तू वर ये आन् लाव."

"मी वर आली तर शिडी कोन धरनार, तुमचा बाप?"

मी पट्टी वाकडीच ठेवली. खाली उतरलो, चहा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि कर्जतच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

आमचं गाव कडावच्या पुढे. भाताची जमीन माझी आणि दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस तिचं, अशी वाटणी कोणी न करता झाली होती. पॉलीहाऊस म्हणजे लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा आणि वर ताणलेलं जाड प्लास्टिक. आम्ही त्याला शेड म्हणतो आणि प्लास्टिकला कागद. त्यात ती मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडूची रोपं तयार करायची आणि ट्रेच्या ट्रे शेतकऱ्यांना विकायची. हाताखाली ठाकूरवाडीची पारी. माझं शेडमध्ये काम नव्हतं आणि आत काय चालतं ते मी कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी मी पारीला सांगितलं, आता काम नाय, येऊ नको. पारी जरा उभी राहिली, मग गेली. शेड बंद पडली. चैत्रातल्या वाऱ्याने कागद आणखी फाटला आणि वैशाखात पाइपांवरून लुगड्यासारखा लोंबायला लागला.

मुलगा संदीप अंबरनाथला कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, पाइप विकून टाकू. त्या जागेवर दोन रूम काढू. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, रिकाम्या राहणार नाहीत."

वाईट सांगत नव्हता. आमच्या आजूबाजूला निम्म्यांनी तेच केलंय. पण हो म्हणायला माझी जीभ उचलेना. शेड ठेवायची तर मिरगाच्या आत नवा कागद पडायला हवा, नाहीतर आमच्या पावसात रोपाचा चिखल होतो. आणि कागद कुठला टाकायचा हे ठरवणारी गेलेली. म्हटलं, "रविवारी सांगतो."

मी चौथी शिकलो. वाचून मला कळणार नव्हतं, डोळ्याने बघून कळेल असं वाटलं. ज्यांनी शेडवर काही ना काही टाकलंय त्यांच्याकडे जाऊन यायचं ठरवलं. जुन्या कागदाचा हातभर तुकडा कापला, पिशवीत घातला आणि मंगळवारी निघालो. तीन दिवसांत फिरलो ते कर्जत आणि खालापूर दोनच तालुके. कुणाला हसू येईल. पण लग्न आणि मयत सोडून दुसऱ्या कामासाठी मी घराबाहेर रात्री काढल्या ती ही पहिलीच वेळ.

भिवपुरीखाली

पहिला मुक्काम जुन्या ओळखीच्या नानांकडे. नाना भिवपुरीच्या वीजघरात नोकरी करून आता घाटाच्या पायथ्याशी घर बांधून राहतात. माझ्याच वयाचे. त्यांनी परसात ऑर्किडची फुलं लावलीत आणि वर कागद नाही, कडक प्लास्टिकचा पत्रा आहे. काचेसारखा दिसतो पण काच नव्हे. दुहेरी असतो, मधे बारीक नळ्या. नानांनी माझ्यासमोर त्यावर दगड मारला. टण्ण आवाज झाला आणि दगड परत आला.

"बघ! दहा वर्षं वर बघायला नको."

मी वर बघितलं. पत्र्यावर चार माकडं बसली होती.

"ही कोन?"

"माझे भाडेकरू. घाटातनं येतात. कागद असता तर एका दिवसात चिंध्या केल्या असत्या. इथं बसतात, घसरतात, शिव्या घालतात आणि जातात."

आत गेलो. गारवा होता, पण उजेड मेलेला. नीट बघितलं तर त्या बारीक नळ्यांमध्ये हिरवं शेवाळ धरलेलं. नानांनी आधी लपवलं, मग कबूल केलं. आमच्याकडे चार महिने पाऊस नुसता उभा असतो. पत्र्याची टोकं नीट बंद केली नाहीत तर पाणी नळ्यांत शिरतं, आणि एकदा आत गेलेलं शेवाळ काही केल्या निघत नाही.

"ऑर्किडला सावलीच लागते, माझं भागतं," नाना म्हणाले. "तुझी मिरची इथं काठीसारखी वाढेल. आणि तुझे पाइप कागदाच्या मापाचे. एवढं ओझं घेतील का ते आधी बघ."

एवढ्यात बाहेर नानी ओरडल्या. दारात ठेवलेली माझी पिशवी घेऊन माकड पत्र्यावर बसलं होतं. त्याने माझी टोपी बाहेर काढली, हुंगली, टाकली. मग कागदाचा तुकडा काढला, उन्हात धरला, दातांनी ओढून बघितला आणि तोही टाकला.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "त्यालासुद्धा पसंत नाय."

आकडीने पिशवी खाली ओढली. टोपी फाटली, कागद तसाच राहिला.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कैरी. नाना ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आले म्हणून नानी त्यांना फाडफाड बोलल्या. नाना म्हणाले, "पाहुण्यासमोर तरी गप ऱ्हा." नानी म्हणाल्या, "पाहुण्याचे पाय सुकं हायेत, त्याला कुठं बोल्ली." मी ताटात बघून जेवलो. आता आमच्या घरात कसेही पाय घेऊन फिरलं तरी चालतं.

खालापूर

बुधवारी कर्जतहून एस.टी. धरली. डुलकी लागली आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. मग वैशाखातल्या उन्हात परत चालत आलो. एका बाजूला मोठ्या रस्त्याच्या गाड्यांचा अखंड घोंगावणारा आवाज, दुसऱ्या बाजूला करवंदांच्या जाळ्या. वाटेवर एक म्हातारी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. दोन द्रोण घेतले, एक तिथेच खाल्ला. दुसरा कुणासाठी घेतला ते माझं मलाच कळलं नाही. सवय.

बेबीताईंना मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांचा नंबर हिच्या फोनमध्ये होता. दोघींची ओळख खोपोलीला एका शेतीच्या शिबिरात झाली आणि मग फोनवर वाढत गेली. कोणतं बी उगवलं, कोणतं फसलं, हेच बोलायच्या. ताई मूळच्या साताऱ्याकडच्या. मालक खोपोलीत कारखान्यात. ताई वीस गुंठ्यांत जरबेरा आणि काकडी करतात. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर बैल थांबावा.

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग गावची चौकशी. ताईंनी पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला आणि चौकशी काही केली नाही. म्हणाल्या, "वैनी गेल्याचं कळालं. यायला जमलं न्हाय. गूळ खावा." करवंदांचा द्रोण मी त्यांच्या हातात दिला.

मग त्यांनी शेड दाखवली. त्यांच्या छपरावर कागदच, पण आमच्यासारखा आरपार दिसणारा नाही, दुधी. मला वाटलं जुना होऊन मळलाय. ताई म्हणाल्या, "हात धरा बरं झाडावर." मी हात धरला. दुपारचे दोन वाजले होते, तरी हाताची सावली नीट पडेना. पडली ती पुसट, तिला कडाच नव्हती.

"ह्यो कागद ऊन फोडतो आन् सगळीकडं सांडतो. वरचं पान करपत न्हाय, खालच्या पानाला उपाशी ठेवत न्हाय. आरपार कागदाखाली ऊन एकाच जागी मारतं. वैनींची टोमॅटोची रोपं दर उन्हाळ्यात वरनं भाजायची न्हवं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भाजत असतील."

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे चालायला लागल्या. मधे मधे सांगत होत्या ते मी ध्यानात ठेवलं, तुमच्याही उपयोगी पडेल. कागद जाडीला दोनशे मायक्रॉनच्या खाली घ्यायचा नाही. हिरवी जाळी स्वस्त पडते, पण ती उन्हापुरती. पाऊस तिच्यातून गाळून आत येतो. काच आमच्यासारख्याने बघूसुद्धा नये. आणि पाइपाला आधी हात लावून बघायचा, कारण ऊन जितका कागद खातं त्याहून जास्त तापलेला पाइप खातो. जिथे पाइप टेकतो तिथे पांढरा रंग किंवा पट्टी हवी.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ज्वारीची भाकरी माझ्या घशात अडकते, तांदळाची कशी आपोआप उतरते. पण ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरं झालं. त्यात दुसरंही खपून गेलं. परतीची गाडी नव्हती. पडवीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सवयीने लवकर जाग आली. ताई शेडचे पडदे वर गुंडाळत होत्या, मीही आत गेलो. आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं, आत ओल आणि ऊब. छताकडे बघितलं तर कागद ओला होता, पण खाली एक थेंब पडत नव्हता. पाणी काचेवरच्या तेलासारखं पसरून कडेकडेने पन्हाळीत उतरत होतं.

मी विचारलं, "ताई, तुमच्या शेडमदी सकालचं पानी गलत नाय?"

"कसलं पानी?"

"कागदाचं. आमच्याकडं सकाली नुस्ती टपटप असायची. ही उजाडायच्या आत जायची आन् काठीला फडकं बांधून अख्खं छप्पर पुसायची. थेंब पडला का रोप कुजतं म्हनायची."

"रोज?"

"रोज. मला वाटायचं तिला सवय हाय. तिला सारखं पुसायला लागायचं, घरातबी."

ताईंनी पडद्याची दोरी बांधली. म्हणाल्या, "तुमी जुना तुकडा आनलाय न्हवं? दावा."

मी तुकडा आणला. त्यांनी तो उजेडात धरला. कडेला इंग्रजी अक्षरं होती.

"भाऊ, ह्या कागदाला दोन अंगं असत्यात. एक बाहेरचं, एक आतलं. आतल्या अंगाला औशद असतं, त्याच्यावर थेंब धरत न्हाय. पानी पसरतं आन् कडंला घसरतं. आता आमच्यात बघितलंसा तसं. कुटलं अंग बाहेर ठेवायचं ते कंपनी छापूनच देती. ह्ये बघा, ह्या अंगानं अक्षरं सरळ वाचता येत्यात, म्हंजी ह्ये बाहेर." मग त्यांनी तुकडा उलटा केला. "आन् धूळ, शेवाळ कुटल्या अंगाला बसलंय?"

दुसऱ्या.

मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. चार वर्षांपूर्वी फिटर कागद ताणत होता आणि मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो. कडेने कंपनीचं नाव लांबच लांब दिसायला लागलं. मी ओरडलो, "आमच्या मांडवावर दुसऱ्याचं नाव कशाला? उलटा टाक." फिटर काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, "मला शिकवतोस? बापापासून दर पावसाला घरावर ताडपत्री टाकतोय. ताडपत्रीला कुठं आत-बाहेर असतंय?" ही म्हणाली, "अवो, तो काय बोलतोय ते ऐका तरी." मी म्हटलं, "तू चहा ठेव." फिटरने खांदे उडवले आणि कागद उलटा टाकला.

ताईंना मी हे सगळं सांगितलं. लपवून काय करणार.

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. वैनींनी मला पयल्याच सालात फोनवर इचारलं व्हतं, पानी का गळतंय म्हनून. मी तवाच सांगितलं, कागद उलटा लागलाय."

"मग ती काय बोल्ली?"

"म्हनाल्या, आता फिरवायचा तर सगळ्या तारा-पट्ट्या काडाव्या लागतील, आत रोपं हायेत. ऱ्हाऊंद्या. पुढला कागद पडंल तवा मी सवता हुबी ऱ्हाईन, मालकांना गावाला धाडीन."

"असं बोल्ली?"

"अस्संच. आन् हसल्या."

मी बाहेर येऊन हौदावर तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. ताई चहाचा कप घेऊन आल्या, हौदाच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "रडायचं तर रडा, लाजू नगा. पर गाडी साडेनवाची हाय."

मी रडलो आणि साडेनवाची गाडी धरली.

कर्जत

शेतीसामानाच्या दुकानदाराने आधी खुर्ची दिली आणि मग आरपार कागद दाखवला. तो त्याच्याकडे पडून होता. मी म्हटलं, "दुधी दाखव." म्हणाला, "काका, पांढरा घेतला तर आत अंधार पडेल." मी म्हटलं, "नमुना आण, बाहेर उन्हात चल आन् हात धर." दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघं हात पसरून उभे होतो. येणारे-जाणारे बघत होते, याचक आहेत की काय.

सावलीला कडा नव्हती. तोच ठरवला. दोनशे मायक्रॉन, थेंब न धरणारा. मग म्हटलं, "आता बाहेरच्या अंगाला जाड पेनाने मराठीत लिही. हे वर."

"छापलेलं असतं की, काका."

"ते कंपनीने छापलंय. हे माझ्यासाठी लिही."

त्याने लिहिलं. मग सांगितलं, "पण कंपनीचं नाव रस्त्यावरनं दिसेल हां. आधीच सांगतो, काही लोकांना आवडत नाही."

"दिसू दे," मी म्हटलं.

पायरीवरूनच संदीपला फोन लावला. म्हटलं, रविवारची वाट बघू नको, पाइप विकायचे नाहीत, कागद सांगितलाय.

तो म्हणाला, "बाबा, कागद टाकाल. आतलं काम तुम्हाला जमणार नाही."

"नाय जमनार. पारीला जमतं."

"तिला तुम्हीच काढलंत ना?"

"व्हय."

"मग?"

"मग काय, जाईन."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "बरं, कागद चढवायला माणूस लागेल. कधी टाकताय ते कळवा, मी सुट्टी काढतो." मुलगा चांगला आहे. आईच्या वळणावर गेलाय.

ठाकूरवाडी

शुक्रवारी उजाडलं तसा वाडीची चढण चढलो. घरामागची टेकडी, अर्ध्या तासाची वाट, आणि पारी बारा वर्षं रोज उतरून यायची. मी वर कधी गेलो नव्हतो. दोनदा बसलो.

पारी डोक्याला तेल लावून निघायच्या तयारीत होती. आता ती खालच्या एका बंगल्यावर जाते, पाहुण्यांच्या चादरी धुवायला. मला बघून तिने सासूला हाक मारली, "आये, काका आलाय. कोन मेलं काय बघ."

मी म्हटलं, "कोन मेलं नाय. शेड चालू करायची हाय. तू ये."

"तुमीच बोल्लात ना, येऊ नको म्हनून? चार मानसांत बोल्लात. काकी जाऊन पंदरा दिस नाय झालं."

"चुकलं."

"कोनाचं?"

"माजं."

सासूने चुलीवरून मान वळवून बघितलं. पारीने ओढणी कंबरेला खोचली. "काकी व्हती तवा काकी सांगायची. आता कोन सांगनार? तुमी? तुमाला मिरचीचा आन् वांग्याचा कोंब तरी वलकू येतो?"

"नाय येत. तूच सांगायचं."

"कोनाला?"

"मला."

ती आधी हसली, मग सासू हसली. मला कोरा चहा दिला. पारीने विचारलं, "कागद कोनचा घेतला?" मी दुधी म्हटलं. मग कुठलं अंग वर ते सांगितलं. फडक्याची काठी तिनेही चार वर्षं धरली होती.

"आज चादरी घालायच्या हायेत, उद्या मानसं येनार," ती म्हणाली. "सोमवारपासून येते. आता वाटंनं जाता जाता ट्रे कसे हायेत ते बघते."

खाली आलो. तिने शेडच्या कोपऱ्यातले ट्रे काढले, एकावर एक आपटले, धुळीचा लोट उठला. "हे धुवायला पायजेत. आदी साध्या पान्यात, मग औशदाच्या." मी पिंप भरलं आणि पाट घेऊन बसलो. एका ट्रेला एकशे चार भोकं. प्रत्येक भोकात बोट घालून फिरवायचं. पहिले दहा ट्रे धुऊन तिच्यासमोर ठेवले. तिने एकेक उचलून उन्हात धरला, भोकांतून आरपार बघितलं आणि सात बाजूला काढले.

"हे परत," ती म्हणाली आणि बंगल्याच्या वाटेला लागली.

मी ते सात परत धुतले.